वाकवलेली तार तापवायची कशावर? वेल्डर की भट्टी

वेड्यावाकड्या दातांना तारा लावायचा (ऑर्थोडॉन्टिक्सचा) दवाखाना थाटायला निघालेला जुनिअर फोन करतो तेव्हा खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे सगळं आधीच ठरलेलं असतं. फोन ठेवता ठेवता तो हळूच विचारतो, "सर, स्टीलची तार हीट ट्रीट करायला वेगळी भट्टी घेऊ, की स्पॉट वेल्डरवरच भागतं?" महिनाभरात दोघांनी विचारलं, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. मी दोन्ही वापरलेत, तेही सोलापुरात, पूर्वभागात, यंत्रमागांच्या खडखडाटात. माझा कौल त्या जागेला बांधलेला आहे हे ध्यानात ठेवून वाचा. कोथरूडला दवाखाना असणाऱ्यानं तो जसाच्या तसा उचलू नये.

आधी कोणी हे वाचू नये ते सांगतो. तार वाकवतच नसाल तर हा खटाटोप तुमच्यासाठी नाही. स्लायडिंगवर काम (तारेवरून दात सरकवणं), कारखान्यातून आलेली एकोणीस-पंचवीसची (इंचाच्या हजारांश भागांत) तयार आर्च म्हणजे कमानीसारखी तार, क्रिंप केलेले (चिमटून बसवलेले) हुक, मागे रबरी चेन, विषय संपला. माझ्याकडच्या दहातल्या सात केसेस अशाच निघतात आणि त्या तारांना मी काडीचीही ऊब देत नाही. प्रश्न उरलेल्या तिनांचा. टी-लूप, कीहोल, युटिलिटी आर्च, टीपीए, क्वाड हेलिक्स, म्हणजे तार वळवून केलेल्या निरनिराळ्या स्प्रिंगाच. लूप उघडून बसवली की मिटताना दात ओढते. जिथे प्लायरनं तारेला दहा ठिकाणी मुरडलंय आणि नंतर ती महिना-दोन महिने तोंडात राहणार आहे, तिथे हा प्रश्न खरा होतो.

"दोन महिने" हे इथलं गणित आहे. माझे निम्मे पेशंट शहराबाहेरचे. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, पलीकडे इंडी-विजयपूरची गावं. चार आठवड्यांनी या म्हटलं तर सुगी असते, लग्न असतं, एसटी चुकते, आणि माणूस नवव्या आठवड्याला उगवतो. आल्यावर सांगतो, "तुमी म्हणलेलं कायबी कडक खाल्लं नाही ओ," आणि दाढेच्या ट्यूबमागून कडक भाकरीचा तुकडा निघतो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, इथली कडक भाकरी ही पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकणारी चीज असते. शेंगाचटणीबरोबर ती खाऊ नका असं सोलापूरकराला सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं आहे. तर अशा तोंडात, अशा अंतरानं भेटणाऱ्या माणसाला घातलेली लूप आपला आकार धरून राहिली पाहिजे आणि कोपऱ्यात तुटता कामा नये. तार तापवायची ती एवढ्यासाठी.

तारेत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर जातो. आपली १८-८ ची (अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल) ऑस्टेनिटिक स्टेनलेस तार उष्णतेनं कडक होत नाही. तिचा कडकपणा कारखान्यात गार असताना ओढून ओढून आलेला असतो. तापवून पाण्यात बुडवली की पोलादासारखी कडक होईल, हा गैरसमज मी एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेल्यांच्या तोंडूनही ऐकलाय. तसं काही होत नाही. ३७० ते ४८० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात थोडा वेळ ठेवली तर वाकवताना आत कोंडलेला ताण निघून जातो, लूप जास्त ताणता येते आणि सोडल्यावर परत जागेवर येते. साडेसहाशेच्या वर गेलात तर मात्र कण नव्यानं बांधले जातात, तार मऊ पडते, आणि मऊ पडलेली तार कुठल्याही उपायानं पुन्हा उठत नाही. शिवाय चारशे ते नऊशेच्या दरम्यान जास्त वेळ रेंगाळली तर क्रोमियम कार्बाइड होऊन कणांच्या कडेला साचतं आणि गंजरोधक गुण तिथे कमी होतो. थोडक्यात, खिडकी अरुंद आहे. तिच्यात नेमकं कशानं बसता येतं, एवढाच प्रश्न.

एक पोटप्रश्न नेहमी येतो, तो इथेच निकालात काढतो. ऑटोक्लेव्हमध्ये (हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रात) तार फिरवली की आपोआप हीट ट्रीटमेंट होते का? ऑटोक्लेव्ह १३४ अंशांवर थांबतो. नाही होत.

ज्योतीबद्दलही फार बोलत नाही. छोट्या गॅस टॉर्चवर तार फिरवून रंग बघणारे जुने लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या हाताला मी नमस्कार करतो. माझा हात तसा नाही. ज्योतीचं खरं काम सिंच करण्याआधी (दाढेमागे तारेचं टोक वाकवण्याआधी) शेपटी मऊ करायचं. तिथे तार लालबुंद झालेलीच हवी असते. तेवढ्यापुरती ती माझ्या टेबलावर आहे. लूपला तिच्याजवळ नेत नाही.

राहिले दोघे. वेल्डर आणि भट्टी.

वेल्डरची बाजू आधी आणि मनापासून मांडतो, कारण पहिली सहा वर्षं मी त्याच्यावरच होतो. तो तसाही घ्यावाच लागतो. बँडला (दाढेवरच्या धातूच्या कड्याला) अटॅचमेंट जोडायला त्याच्याशिवाय गत नाही. त्यालाच तापवायच्या दोन खुंट्या असतात, त्यांच्यातून तारेत वीज सोडली की तार तापते, म्हणजे वेगळा खर्च नाही, वेगळी जागा नाही. पेशंट खुर्चीत असताना लूप वळली, खुंट्यांना टेकवली, पेडल दाबलं, दोन सेकंदांत वाळलेल्या कडब्याचा रंग आला, पुसली, घातली. हा कडब्याचा रंग काही आपल्या मनचा नाही. फंक यांनी १९५१ मध्ये ४५४ अंशांना तीन मिनिटं असं सुचवलं तेव्हाच हा पिवळट रंग खूण म्हणून दिला होता, आणि तेव्हापासून तोच आपल्या धंद्यात चालत आलाय. सुट्ट्या एका तारेसाठी, घाईच्या दुपारी, वेल्डरसारखा सोयीचा दुसरा कोणी नाही. ज्यांच्याकडे आठवड्याला एखादीच लूप होते त्यांनी इथेच वाचन थांबवलं तरी मी वाद घालणार नाही.

त्याचे छोटे दोष सगळ्यांना ठाऊक आहेत. खुंटीजवळचं टोक गार राहतं, कारण तांब्याची जाड खुंटी उष्णता ओढून घेते. मधला भाग आधी पेटतो. हेलिक्सचे दोन वेढे एकमेकांना टेकले असतील तर वीज वेढ्यातून फिरायचं सोडून आडवाटेनं निघून जाते, आणि जो भाग सगळ्यात जास्त मुरडलाय नेमका तोच कोरडा राहतो. यावर तोडगे आहेत. तार सरकवत तीन-चार टप्प्यांत तापवायची, वेढे नखानं किंचित फाकवून ठेवायचे. हे सगळं मी करत होतो, आणि जमत होतं असं मला वाटत होतं.

मला नडलं ते दुसरंच. माझ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत माग आहेत. टॉवेलचे. सकाळी साडेआठला सुरू होतात, तेव्हा भिंतीला टेकून ठेवलेला इंप्रेशन ट्रे थरथरतो. त्या आवाजाची सवय झाली, पेशंटलाही झाली. पण माग सुरू झाले की माझं व्होल्टेज बसतं. मी मल्टिमीटर लावून बघत बसायचो. पहाटे २४० दिसायचं, भर कामाच्या दुपारी २०५. आता वेल्डरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर चालते. २४० चं २०५ झालं म्हणजे व्होल्टेज पंधरा टक्क्यांच्या आसपास घटलं, पण उष्णता चतुर्थांशाहून जास्त घटली. डायलवर आकडा तोच, पेडलवर पाय तोच, तार तीच सतरा-पंचवीस, आणि सकाळी कडबा तर दुपारी नुसती मळकट चांदी. मग मी दुपारी डायल एक घर वर करायचो. संध्याकाळी खाली आणायला विसरायचो. अंदाजपंचे दाहोदरसे.

हे चालून गेलं असतं. बरीच वर्षं चाललंही. मग गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा आली.

इंडीकडची एक मुलगी होती, अकरावीतली, वरच्या सुळ्यांमागची जागा बंद करायची राहिलेली. घरचे सगळे सिद्धेश्वराच्या यात्रेला आले होते, तेव्हा "आलोच आहोत तर दाताचं दाखवून जाऊ" म्हणून दुपारी दवाखान्यात आले. अक्षता सोहळ्याचा दिवस. अर्धं शहर नंदीध्वजांमागे, माग बंद, गल्ली इतकी शांत की खुर्चीची मोटर ऐकू यावी. मी टी-लूप वळल्या, आदल्या दिवशीच्याच आकड्यावर खुंट्यांना लावल्या, पेडल दाबलं. रंग कडब्यावर थांबलाच नाही. कडबा, शेंगेचं टरफल, जांभळा, निळा, हे सगळं एका श्वासात झालं, आणि मी पाय उचलेपर्यंत लूपच्या माथ्यावर अंधूक लाली होती. माग बंद म्हणजे व्होल्टेज पूर्ण, आणि माझा डायल दुपारच्या बसक्या व्होल्टेजवर लावलेला. तेव्हाच ती तार फेकून द्यायला हवी होती. वडील दारात, आजी बाकावर, बाहेर रिक्षा थांबलेली. मी पॉलिश करून रंग काढला आणि तार घातली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, चूक माझीच.

ती आली आठ आठवड्यांनी. जागा जेवढी होती तेवढीच. लूप मात्र ताणलेल्या अवस्थेत निवांत पडलेली, प्लायरनं दाबली तर शिशाच्या तारेसारखी वाकली. तीन मिलिमीटर उघडून दिली होती, त्यातलं काहीच परत आलं नव्हतं. मुलीच्या आईनं तक्रार केली नाही, उलट "आमचंच कायतरी चुकलं असंल" म्हणाली, आणि त्यानं जास्त लागलं. दोन महिने गेले ते गेले.

स्टॅबिलायझर का नाही घेतला? घेतला. बराच फरक पडला, हे कबूल. पण माझा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्यानं व्होल्टेज उचलतो, आणि पेडल दाबलेलं असतानाच त्यानं टप्पा बदलला की तारेला झटका बसतो. चांगल्या प्रतीचा सर्व्हो (टप्पे न पाडता व्होल्टेज सांभाळणारा) घ्यायचा तर जवळपास जुन्या भट्टीएवढे पैसे जातात. तिथे मी थांबलो. शिवाय व्होल्टेज सरळ केलं तरी शेवटी सगळं डोळ्यावर आणि दोन सेकंदांवर येतं. पांढऱ्या एलईडीखाली कडबा वेगळा दिसतो, खिडकीजवळ वेगळा, इन्व्हर्टरवरच्या पिवळ्या दिव्याखाली तर सगळंच कडबा दिसतं.

रंगावरून एक आठवण. मागच्या गल्लीत माग दुरुस्त करणारे एक मामा आहेत, साठीचे, स्प्रिंगा स्वतः तापवून बसवतात. एकदा डेन्चर दाखवायला आले होते. टेबलावरची माझी वाया गेलेली निळी तार उचलून उजेडात धरली आणि खूश होऊन म्हणाले, "झ्याक आलंय की डॉक्टरसाहेब. निळी आली की उतरवायची बघा." मी म्हटलं, "मामा, ही निळी आली म्हणजे बिघडली." त्यांचा विश्वास बसेना. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. त्यांची स्प्रिंग साध्या कार्बन पोलादाची, तिच्यावर निळा रंग तीनशे अंशांच्या आसपास येतो आणि स्प्रिंगला तो चांगला. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, तिच्यावर थर सावकाश चढतो. फिकट पिवळा येतो तोच तीनशेच्या आसपास, गडद पिवळा ते तपकिरी ३७० ते ३९०, पुढे जांभळा, आणि निळा दिसेपर्यंत साडेपाचशे गाठलेले असतात. वेळ जास्त दिला तर हेच रंग कमी तापमानालाही दिसतात, म्हणून हे आकडे फार घट्ट धरू नका. पण लोहारकामाचा रंगतक्ता भिंतीवर लावून आपली तार जोखणारे महाभाग मी पाहिलेत. तो तक्ता काढून टाका.

आता भट्टी. माझी नवी नाही. एका डेंटल लॅबवाल्यानं पोर्सेलिनची (कृत्रिम दातांच्या चिनीमातीची) मोठी भट्टी घेतली तेव्हा जुनी मला दिली. व्हॅक्यूमचा पंप मेलेला, बाकी ठणठणीत. सकाळी दवाखाना उघडला की ती सुरू करतो. चारशेवर स्थिर झाली की तारा आत, दहा-अकरा मिनिटं, बाहेर, ट्रेवरच गार. हे दहा-अकरा माझ्या मनचं नाही. १९७३ मध्ये मार्कोट यांनी वेळ आणि तापमानाच्या जोड्या तपासून ३९९ अंश आणि ११ मिनिटं असा निष्कर्ष दिला होता, आणि मला तो या कामाला बसणारा वाटला. फंकची तीन मिनिटं वेल्डरवरून आलेल्याला मोहात पाडतात, पण जास्त तापमान आणि कमी वेळ यापेक्षा कमी तापमान आणि निवांत वेळ मला बरा पडतो. मिनिटभर इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही.

आकड्यांवरून एक सावधगिरी, कारण हा मार मी स्वतः खाल्लाय. जुनी पुस्तकं फॅरेनहाइटमध्ये बोलतात. ७५०, ८५०. पीजीच्या पहिल्या वर्षी मी विभागाच्या भट्टीत ८५० लावलं, आणि भट्टी सेल्सिअसची होती. डझनभर क्वाड हेलिक्स आत होत्या, सहाध्यायांच्या धरून. बाहेर आल्या त्या काळ्या आणि सुतळीसारख्या. त्यानंतरचा आठवडा कसा गेला ते सांगत नाही. तुमच्या भट्टीवर मोठ्या अक्षरांत "सेल्सिअस" लिहून चिकटवा.

भट्टीचेही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तापायला वेळ लागतो, म्हणून खुर्चीत बसलेल्या पेशंटला आत्ता वळून आत्ता घालायची तर ती कामाची नाही. मला माझी पद्धत बदलावी लागली. लूपचे पेशंट कोण येणार ते आदल्या दिवशी बघायचं, मॉडेलवर तारा वळून ठेवायच्या, सकाळी एकदम शेकायच्या. ज्याला हे नियोजन जमणार नाही त्याला भट्टी शोभेची वस्तू होईल. मे महिन्यात, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असताना, छोट्या खोलीत भट्टी पेटवणं ही शिक्षाच. त्या दिवसांत मी सातला येतो. आणि पडद्यावर दिसणारं तापमान नेहमी तारेचं तापमान असतंच असं नाही, विशेषतः कास्टिंगच्या मोठ्या बर्नआउट भट्ट्यांत. माझी एकदा तपासली ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून तापमानाचा खडू आणून. ठरावीक अंशाला वितळतो तो. माझ्या भट्टीच्या दाराजवळचा भाग मागच्यापेक्षा बराच गार निघाला. तेव्हापासून तारा मागे सरकवून ठेवतो.

दुसऱ्याच्या लॅबमधली पोर्सेलिनची भट्टी उधार वापरणार असाल तर सिल्व्हर सोल्डर केलेलं काहीही आत घालू नका. चांदीनं पोर्सेलिनला हिरवट झाक येते, आणि मग लॅबवाला तुमच्याशी बोलणं सोडतो. तसंही सोल्डर सहाशेच्या वर वितळतं, त्या जोडाशेजारची तार आधीच मऊ पडलेली असते. म्हणून हुक शक्यतो क्रिंप करा.

आणखी एक गोष्ट मला भट्टीनंच शिकवली, वेल्डरवर ती कधी लक्षात आली नव्हती. शेकल्यावर तार किंचित उघडते. हेलिक्सचा वेढा थोडा मोकळा होतो, आर्च मागच्या बाजूला थोडी फाकते. स्प्रिंगवाल्यांना हे पाठ असतं. स्टेनलेसची स्प्रिंग ताण काढताना फुगते आणि कार्बन पोलादाची आवळते. मामांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, "आमची तर आवळती." आपल्याला एवढंच करायचं की वळताना मागची रुंदी केसभर कमी ठेवायची आणि शेकल्यावर पुन्हा टेम्प्लेटवर ठेवून बघायची. शेकल्यानंतर पुन्हा प्लायर लावून दुरुस्ती केलीत तर काढलेला ताण परत भरलात, मग सगळी मेहनत पाण्यात. फारच गेली असेल तर दुरुस्त करून परत पाच-सात मिनिटं आत ठेवतो.

फरक किती पडतो, हे मी कुठल्या यंत्रावर मोजलेलं नाही. माझ्याकडे आलेख कागद आहे आणि सवड असलेल्या रविवारच्या दुपारी आहेत. एकाच स्पूलमधल्या, एकाच हातानं वळलेल्या चार-चार लूप घेऊन, एक गट तसाच, एक वेल्डरवर, एक भट्टीत. सगळ्या चार मिलिमीटर उघडून सोडायच्या आणि परत किती येतात ते कागदावर बघायचं. न तापवलेल्या लूप जवळपास अर्धा मिलिमीटर उघड्याच राहिल्या. भट्टीतल्या चारही कागदावरच्या रेघेला चिकटून परत आल्या, निदान माझ्या चष्म्याला तसं दिसलं. वेल्डरवरच्या दोन भट्टीइतक्याच छान, एक मधली, आणि एक न तापवलेल्यापेक्षाही वाईट. सरासरी काढली तर वेल्डर उत्तीर्ण होतो. पण पेशंटच्या तोंडात सरासरी जात नाही, एक तार जाते, आणि ती चौथी निघाली तर पुन्हा आठ आठवडे.

इथे निःपक्षपाती असल्याचा आव आणत नाही. माझ्या शेजारी माग नसते तर कदाचित मी आजही खुंट्यांवरच असतो. माझा एक मित्र विजापूर रोडला बसतो, त्याचं व्होल्टेज राजासारखं. तो वेल्डरवर सुंदर काम करतो आणि माझ्या भट्टीला "तुझी बेकरी" म्हणतो. त्याच्या तारा तुटत नाहीत, मला मान्य आहे. त्याच्या हाताची बरोबरी मला करायची नाही.

तिसरा पर्याय ज्यांच्या मनात असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूची तार एल्जिलॉय, तिची निळ्या खुणेची जात. (हा निळा नुसता खुणेचा, तापवल्याचा नाही, पहिल्यांदा ऐकणारा हमखास गोंधळतो.) ती बोटांनी वळते इतकी मऊ येते आणि ४८२ अंशांना सात ते बारा मिनिटं शेकली की तिचा यील्ड (तार कायमची वाकायला लागणारा ताण) खरोखर वीस-तीस टक्क्यांनी वाढतो. स्टीलमध्ये आपण फक्त ताण काढतो, तिच्यात खरा बदल घडतो. युटिलिटी आर्चला मला ती आवडते. महाग आहे, आणि निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्याला तीही चालत नाही. पण बारा मिनिटं एकसारखं ४८२ खुंट्यांवर धरून दाखवा. म्हणजे एल्जिलॉय वापरायचीच असेल तर प्रश्न आपोआप भट्टीकडे झुकतो. टीएमएला (टायटॅनियमच्या तारेला) स्टीलसारखी ही शेकाशेकी लागत नाही, पण तिची किंमत आणि घर्षण दोन्ही माझ्या पेशंटला परवडत नाहीत.

पेशंटची बाजू राहिली. तपकिरी तार तोंडात दिसली की पहिला प्रश्न, "तार गंजायलीय का ओ डॉक्टर?" हा प्रश्न दोन्ही पद्धतींत येतो, माझ्या भट्टीत जरा जास्तच, कारण पंप मेलेला आहे आणि हवेत शेकल्यावर थर चढणारच. तो थर काढायलाच हवा, नुसता दिसण्यासाठी नाही. रंगाखाली क्रोमियम कमी झालेलं असतं आणि खडबडीत थरावर ब्रॅकेट अडकतो. मी रबर व्हीलनं हलक्या हातानं पुसतो. ज्यांच्याकडे इलेक्ट्रोपॉलिशिंग आहे त्यांचं काम एका मिनिटात होतं. शेकायच्या आधी तार स्पिरिटनं पुसली तर थर एकसारखा येतो. नाहीतर बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटतात, आणि मग असिस्टंट आणि मी, कोणाचा अंगठा यावर वाद.

तेव्हा फोन करणाऱ्याला मी काय सांगतो? महिन्याला दोन-चार लूप असतील, वीज सरळ असेल, तर वेल्डर पुरे, फक्त रोज सकाळी एका टाकाऊ तुकड्यावर रंग बघून मगच आकडा ठरव. लूप जास्त असतील, पेशंट लांबून येत असतील, किंवा शेजारी माग, पिठाची गिरणी, बर्फाचा कारखाना असं काही असेल, तर एखाद्या लॅबची जुनी भट्टी शोध. नवी घेऊ नकोस, उगाच. या कामाला हजार अंश जाणारी भट्टी लागत नाही, साडेचारशेवर स्थिर राहणारी लागते.

त्या इंडीच्या मुलीची जागा पुढे दुसऱ्या लूपवर बंद झाली. ती लूप भट्टीतली होती. तिच्या आणखी दोन भेटी फुकट गेल्या नाहीत म्हणून मी भट्टीकडे जरा प्रेमानं बघतो, हेही हिशेबात धरा.

वेल्डर विकलेला नाही. बँडचं काम त्याच्यावरच चालतं. तापवायच्या दोन खुंट्या मात्र आता मोकळ्या असतात. असिस्टंटनं तिथे इलॅस्टिकच्या पुड्या अडकवायला सुरुवात केलीय.